ग्राफाइटयुक्त ॲल्युमिनियम संमिश्रे : झीज आणि सामर्थ्य

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावरून उत्तरेस पंचगंगा घाटाच्या दिशेने चालू लागले, की वाटेत भोसले घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधविला. भक्कम दगडी वास्तू, तिच्या वरच्या अंगास लहान लहान खिडक्या आणि गंगेच्या पात्रात उतरत गेलेल्या पायऱ्या असे या घाटाचे रूप आहे. काशीचे घाट प्रामुख्याने चुनारच्या वालुकाश्मात घडविलेले आहेत. वालुकाश्म म्हणजे क्वार्ट्‌झचे कठीण कण आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे बंधकद्रव्य. पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत बोलायचे झाल्यास तो निसर्गनिर्मित संमिश्र पदार्थच होय. यात्रेकरूंची पावले, नावांचे घासणे आणि दर पावसाळ्यात पुराबरोबर येणारा वाळूमिश्रित गाळ यांनी अशा जुन्या पायऱ्यांच्या कडा गोलावतात, मध्यभाग खोलगट होतो. तरीही पायरी माणसाचा भार पूर्वीइतक्याच समर्थपणे पेलते. ती झिजलेली असते, मोडलेली नसते.

झीज आणि सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या पायरीवरून जितके सहज ध्यानी येते तितके ते पाठ्यपुस्तकातून येत नाही. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांमध्ये 'संमिश्र पदार्थ अधिक मजबूत व अधिक टिकाऊ असतात' असे सरसकट विधान वारंवार आढळते. ग्राफाइटचे कण मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे विधान निम्मेच खरे आहे, आणि ते निम्मेच खरे का, हे समजून घेणे हाच या विषयाचा गाभा आहे.

नावेच्या इंजिनातील दोन पदार्थ

घाटाच्या पायथ्याशी लागलेल्या नावांपैकी अनेकींना गेली कित्येक वर्षे लहान डिझेल इंजिने बसविलेली असत; अलीकडच्या काळात त्यांतील बऱ्याच नावा नैसर्गिक वायूवर चालविण्यात येऊ लागल्या आहेत. इंधन कोणतेही असो, अशा इंजिनाच्या अंतर्भागात एक दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, सिलिंडरमध्ये वरखाली सरकत असतो. हा दट्ट्या सामान्यतः ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा असतो. त्यात सिलिकॉनचे प्रमाण बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. सिलिंडरचे अस्तर मात्र करड्या ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असते.

दट्ट्यासाठी ॲल्युमिनियम निवडण्याची कारणे उघड आहेत. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर पोलादाची सुमारे ७.८ ग्रॅम. दर मिनिटास शेकडो वेळा दिशा बदलणारा भाग जितका हलका तितकी इंजिनावरील ओढाताण कमी. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते. परंतु या धातूचा एक मोठा दोष आहे. त्याच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. हा थर कठीण, पण ठिसूळ असतो. दाबाखाली घर्षण झाले की तो फुटतो, खालचा मऊ व ताजा धातू उघडा पडतो आणि समोरच्या पृष्ठभागाला चिकटतो. चिकटलेला भाग पुढच्या फेरीत ओरबाडून निघतो. यालाच आसंजक झीज म्हणतात. वंगणतेल पुरेसे असेपर्यंत दोन्ही पृष्ठभाग तेलाच्या पटलामुळे विलग राहतात. तेल संपले, पंप बिघडला किंवा थंड इंजिन सुरू करताना तेल अद्याप वर चढलेले नसले, तर दट्ट्या सिलिंडरला धरतो. कारागीर याला 'इंजिन जाम झाले' असे म्हणतात. भर प्रवाहात, प्रवासी बसलेले असताना असे घडणे म्हणजे केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही.

आता समोरच्या अस्तराकडे पाहू. बिडामध्ये तीन ते चार टक्के कार्बन असतो आणि त्याचा मोठा भाग ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने लोखंडात विखुरलेला असतो. अस्तर घासले गेले की हे पापुद्रे पृष्ठभागावर किंचित पसरतात आणि कोरड्या वंगणाचे काम करतात. दीडशे-दोनशे वर्षे सिलिंडरसाठी बीड टिकून राहिले त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. म्हणजे एकाच इंजिनात हलके ॲल्युमिनियम एका बाजूस व ग्राफाइट धारण करणारे जड लोखंड दुसऱ्या बाजूस, असे ते समोरासमोर उभे असतात. हे ग्राफाइट थेट ॲल्युमिनियमच्या पोटात घालता आले तर? प्रश्न सोपा वाटतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांमध्ये वाराणसीतच शिकलेला एक तरुण अभियंता अग्रभागी होता.

बनारसचा विद्यार्थी आणि निकेलचा मुलामा

भोसले घाटापासून नदीकाठाने दक्षिणेकडे गेल्यास अस्सी घाटाच्या पलीकडे बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आहे. तेथे १९२३ मध्ये सुरू झालेला धातुशास्त्राचा अभ्यासक्रम हा देशातील या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम मानला जातो. (तेथील तंत्रविज्ञान संस्थेस २०१२ मध्ये भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा, म्हणजे आयआयटीचा, दर्जा मिळाला.) या विश्वविद्यालयातून प्रदीप रोहतगी यांनी १९६१ मध्ये धातुअभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतून १९६४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि ते इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या संशोधनशाळेत रुजू झाले. तेथे १९६० च्या दशकाच्या मध्यास वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ग्राफाइटचे कण मिसळून ओतकाम करण्यात त्यांना यश आले. एफ. ए. बाडिया यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा यासंबंधीचा निबंध १९६९ मध्ये अमेरिकेतील ओतकाम व्यावसायिकांच्या संस्थेच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला.

वितळलेल्या धातूत भुकटी टाकून ढवळणे यात शोध तो कोणता, असे वाटणे स्वाभाविक आहे. कमळाच्या पानावर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन राहतो. ग्राफाइटवर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे नेमके हेच होते. द्रवाचा थेंब घन पृष्ठभागाशी जो कोन करतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांहून कमी असेल तर द्रव पृष्ठभागास भिजवतो, अधिक असेल तर भिजवत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतकाम साधारणतः ७०० ते ७५० अंशांदरम्यान करतात. या तापमानास ग्राफाइटवरील त्याचा स्पर्शकोन ९० अंशांहून खूपच मोठा असतो. परिणामी भुकटी आत जात नाही, मळीबरोबर पृष्ठभागावर तरंगत राहते. ढवळून जबरदस्तीने आत ढकलली तरी कण हवेला सोबत घेऊन पुंजके करतात आणि ओतीव वस्तूत पोकळ्या राहतात.

गंमत अशी की, ज्या गुणामुळे संमिश्र बनविणे अवघड होते त्याच गुणावर ॲल्युमिनियमचे मूळ उत्पादन चालते. वाराणसीच्या दक्षिणेस सोनभद्र जिल्ह्यातील रेणुकूट येथे १९६२ पासून हिंदाल्कोचा ॲल्युमिनियम प्रकल्प कार्यरत आहे. तेथील विद्युत् अपघटनाच्या घटांना आतून कार्बनचे अस्तर असते आणि वितळलेले ॲल्युमिनियम त्या अस्तरावर वर्षानुवर्षे साचत राहते. धातूने कार्बनला सहजगत्या भिजविले असते तर हे अस्तर इतके टिकले नसते. एका ठिकाणी वरदान ठरलेला गुण दुसऱ्या ठिकाणी अडसर होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

या अडचणीवर रोहतगी यांनी योजलेला उपाय म्हणजे ग्राफाइटच्या प्रत्येक कणावर निकेलचा पातळ मुलामा. निकेलला ॲल्युमिनियम भिजविते. मुलामा दिलेले कण वायूच्या झोताबरोबर वितळलेल्या धातूत सोडले, की धातू त्यांना आत घेतो. मुलामा विरघळून जातो आणि कण मागे राहतात. निकेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत निकेलचा उपाय सुचावा, यात अर्थकारणाचाही थोडा भाग असावा. कारण निकेल महाग आहे, आणि ही पद्धत कोठे परवडेल हा प्रश्न तेव्हापासूनच तिच्या पाठीशी लागला.

पुढे ते भारतात परतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांच्या गटाने तांब्याचा मुलामा देऊन पाहिला, आणि नंतर मुलाम्याशिवायही मार्ग काढला. ग्राफाइटची भुकटी आधी काही शे अंशांपर्यंत तापविली की तिच्यावर चिकटलेली बाष्पे व वायू निघून जातात. धातूत थोडे मॅग्नेशियम घातले की त्याचा पृष्ठताण घटतो आणि भिजविण्याची क्षमता सुधारते. मग यांत्रिक पंख्याने द्रवात भोवरा निर्माण करून त्यात भुकटी हळूहळू सोडायची. ढवळ-ओतकाम या नावाने ही पद्धत आज देशातील असंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. खर्चिक मुलाम्यापासून साध्या भट्टी-पंख्यापर्यंतचा हा प्रवास भारतीय परिस्थितीतून झाला, ही बाब येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. रोहतगी पुढे तिरुवनंतपुरम व भोपाळ येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळांचे संस्थापक संचालक झाले. या दोन्ही प्रयोगशाळांची नावे २००७ मध्ये बदलली. आज त्या अनुक्रमे राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान व तंत्रविज्ञान संस्था आणि प्रगत पदार्थ व प्रक्रिया संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जातात.

मऊ पदार्थ कमी कसा झिजतो?

आता मुख्य कोड्याकडे वळू. झिजेचा अभ्यास करताना जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेले सूत्र वापरतात. ते असे : झिजून गेलेले आकारमान हे पृष्ठभागावरील भार व सरकण्याचे अंतर यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि मऊ पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. या प्रमाणास एका गुणांकाने गुणायचे. त्याला झीज-गुणांक म्हणतात. सूत्राचा सरळ अर्थ असा की, पदार्थ जितका कठीण तितकी झीज कमी.

ग्राफाइट हे अत्यंत मऊ खनिज आहे. नखानेही त्यावर ओरखडा उठतो. ते ॲल्युमिनियममध्ये मिसळले की संमिश्राचा कठीणपणा घटतो. म्हणजे सूत्रानुसार झीज वाढावयास हवी. प्रत्यक्षात कोरड्या घर्षणात ती अनेकदा लक्षणीयरीत्या घटते. मग सूत्र चुकले काय? तसे नाही. आपण गुणांक स्थिर धरला, ही चूक झाली.

ग्राफाइटमधील कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या थरांत मांडलेले असतात. एका थरातील शेजारच्या अणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते. थराच्या आतील बंध अतिशय बळकट, थराथरांमधील आकर्षण मात्र क्षीण. पत्त्यांच्या कॅटप्रमाणे थर एकमेकांवरून सरकतात. संमिश्राचा पृष्ठभाग घासला जाऊ लागला की पृष्ठालगतच्या धातूवर दाब येऊन त्यातील ग्राफाइटचे कण बाहेर पिळले जातात, पसरतात आणि दोन्ही धातूंच्या मध्ये एक पटल तयार होते. धातूचा धातूशी थेट संपर्क कमी झाला की चिकटणे व ओरबाडणे कमी होते. म्हणजेच झीज-गुणांक घटतो. पटल झिजले तर खालून नवे कण उघडे पडून ते पुन्हा भरून निघते. बाहेरून लावलेल्या वंगणाला ही सोय नसते.

एका काल्पनिक उदाहरणाने हिशेब पाहू. मूळ मिश्रधातूचा कठीणपणा १०० एकक आणि ग्राफाइटयुक्त संमिश्राचा ८० एकक आहे असे समजा. गुणांक तोच राहिला तर झीज १०० भागिले ८०, म्हणजे सव्वापट होईल. परंतु पटलामुळे गुणांक एक-पंचमांश झाला, तर सव्वापट गुणिले एक-पंचमांश, म्हणजे झीज मूळच्या एक-चतुर्थांशावर येईल. कठीणपणात वीस टक्के गमावूनही झीज पाऊणपट घटली. वंगणरहित ते उत्तम वंगणयुक्त अशा परिस्थितींत हा गुणांक हजारो पटींनी बदलू शकतो, तर मिश्रधातूंचा कठीणपणा फार तर काही पटींत बदलतो, हे लक्षात घेतले म्हणजे डाव कोणाच्या हाती आहे ते कळते.

प्रयोगशाळेत ही झीज मोजण्यासाठी बहुधा 'पिन-ऑन-डिस्क' यंत्र वापरतात. संमिश्राची एक छोटी दांडी ठरावीक भाराखाली फिरत्या पोलादी तबकडीवर टेकवून ठेवतात आणि ठरावीक अंतरानंतर तिचे वजन किती घटले ते पाहतात. पण इंजिन म्हणजे तबकडी नव्हे. तापमान, तेल, जळालेल्या इंधनाची काजळी यांचा मेळ तेथे वेगळाच असतो. म्हणूनच ग्राफाइटयुक्त ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचे दट्टे प्रत्यक्ष डिझेल इंजिनात बसवून रोहतगी व त्यांच्या भारतातील सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. त्यांचा निबंध १९८० मध्ये झीज-विषयास वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दट्ट्यांच्या तुलनेत दट्टे व कडी यांची झीज आणि घर्षणातील शक्तीचा अपव्यय कमी झाल्याचे त्यांना आढळले.

सामर्थ्याची किंमत

झिजेच्या बाजूस एवढा लाभ दिसत असता सामर्थ्याच्या बाजूस काय घडते? ताण सोसण्याच्या दृष्टीने ग्राफाइटचा मऊ कण म्हणजे धातूमधील जवळजवळ पोकळीच. त्याची धातूशी पकड कमजोर असते, म्हणून भार धातूकडून कणाकडे पोहोचत नाही. भार वाहणारे प्रत्यक्ष क्षेत्रफळ घटते. त्याहून घातक म्हणजे कणाच्या टोकदार कडेशी ताण एकवटतो आणि तेथून तडा सुरू होतो. ग्राफाइटचे प्रमाण वाढवीत नेले की ताणबल आणि तुटण्यापूर्वी लांबण्याची क्षमता, दोन्ही घटत जातात. म्हणून ओतीव संमिश्रांत ते सामान्यतः वजनाच्या दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास मर्यादित ठेवतात. पटल तयार होण्याइतके ग्राफाइट हवे, परंतु वस्तू मोडण्याइतके नको, अशी ही तारेवरची कसरत आहे. घनतेतील लाभ किरकोळच असतो : ग्राफाइटची घनता सुमारे २.२, त्यामुळे आकारमानाने १० टक्के मिसळले तरी संमिश्राची घनता २.७ वरून २.६५ वर येते.

कणाचा आकार किती निर्णायक असतो, हे लोखंडाच्या इतिहासातून उत्तम प्रकारे कळते. करड्या बिडातील ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते. त्याचे ताणबल साधारणतः १५० ते ३५० मेगापास्कल. याच इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस यांना १९४३ मध्ये आढळले, की वितळलेल्या लोखंडात थोडे मॅग्नेशियम घातल्यास ग्राफाइट गोलसर गोळ्यांच्या रूपात गोठते. १९४८ मध्ये जाहीर झालेल्या या तन्य बिडाचे ताणबल सामान्यतः ४०० ते ८०० मेगापास्कलपर्यंत जाते. कार्बन साधारण तेवढाच, केवळ टोके नाहीशी झाली. ॲल्युमिनियम संमिश्रातही गोलसर, बारीक व समप्रमाणात विखुरलेले कण कमी हानिकारक ठरतात. ओतलेली वस्तू गोठताना तिच्यावर दाब दिल्यास पोकळ्या मिटतात आणि गमावलेल्या सामर्थ्यापैकी काही परत मिळते.

येथे परिभाषेसंबंधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंग्रजी पुस्तकांच्या अनुकरणाने आपण 'ग्राफाइटने प्रबलित ॲल्युमिनियम' असे म्हणतो. कणरूप ग्राफाइटच्या बाबतीत हे नाव दिशाभूल करणारे आहे. ते धातूला प्रबल करीत नाही, वंगण पुरविते. 'ग्राफाइटयुक्त' हा शब्द अधिक प्रामाणिक होय.

तंतुरूप ग्राफाइटची गोष्ट मात्र वेगळी. कार्बनच्या तंतूत षटकोनी थर तंतूच्या लांबीच्या दिशेने मांडलेले असतात, म्हणून ताण त्या बळकट बंधांवर येतो. असे लांब तंतू ॲल्युमिनियममध्ये बसविले की खऱ्या अर्थाने प्रबलन होते. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या अँटेनाचा सुमारे ३.६ मीटर लांबीचा दांडा अशा संमिश्राचा आहे. ॲल्युमिनियम तापले की प्रसरण पावते, उलट कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ प्रसरण पावत नाही. त्यामुळे ऊन-सावलीच्या फेऱ्यांतही दांड्याची लांबी स्थिर राहते. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी होंडा कंपनीने प्रेल्यूड मोटारीच्या सिलिंडरच्या आतील पृष्ठासाठी ॲल्युमिना व कार्बन या दोहोंचे तंतू ॲल्युमिनियममध्ये वापरले. पहिल्याने कठीणपणा दिला, दुसऱ्याने वंगण.

वाळू, बाष्प आणि निर्वात

प्रत्येक प्रकारच्या झिजेवर ग्राफाइट हा उपाय नाही. गंगेचे गाळमिश्रित पाणी उपसणाऱ्या पंपात क्वार्ट्‌झचे कठीण कण धातूला खरवडतात. ही अपघर्षक झीज होय. तिच्यापुढे ग्राफाइटचे मऊ पटल निरुपयोगी ठरते. तेथे सिलिकॉन कार्बाइडसारखे कठीण कण हवेत. पण हे कण समोरच्या भागालाही खातात आणि त्यांच्यामुळे वस्तू घडविताना कापणीची हत्यारे झपाट्याने बोथट होतात. यातून संकरित संमिश्रांची कल्पना पुढे आली. सिलिकॉन कार्बाइडने कठीणपणा व सामर्थ्य सांभाळायचे आणि ग्राफाइटने समोरच्या पृष्ठभागाचे व हत्याराचे रक्षण करायचे. आज या क्षेत्रातील संशोधनाचा मोठा भाग अशा दुहेरी मिश्रणांचे प्रमाण ठरविण्यावर केंद्रित झालेला दिसतो.

दुसरी मर्यादा अधिक विस्मयकारक आहे. ग्राफाइटचे निसरडेपण सर्वस्वी त्याचे स्वतःचे नाही. हवेतील बाष्पाचे रेणू त्याच्या थरांच्या कडांना चिकटतात तेव्हाच ते सहजपणे सरकतात. दुसऱ्या महायुद्धात अतिउंचावरून उडणाऱ्या विमानांच्या विद्युत्‌जनित्रांतील कार्बनचे ब्रश अल्पावधीत झिजून त्यांची भुकटी होऊ लागली, तेव्हा हे प्रकर्षाने ध्यानी आले. तेथील हवा विरळ व कोरडी होती. म्हणून अवकाशयानांतील सरकत्या भागांसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे निराळे घन वंगण वापरतात. पावसाळ्यातील काशी किंवा कोकण येथे ग्राफाइटला बाष्पाची वाण पडत नाही.

मात्र तेच बाष्प दुसऱ्या वाटेने घात करू शकते. धातू फार तापविला किंवा भट्टीत फार वेळ ठेवला, तर ॲल्युमिनियम व कार्बन यांची अभिक्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. ते ठिसूळ असते आणि पाण्याशी संयोग होताच त्याचे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड व मिथेन वायू यांत विघटन होते; संमिश्र आतून पोखरले जाते. याखेरीज ग्राफाइट विद्युत्‌वाहक असून विद्युत्-रासायनिक दृष्ट्या 'उदात्त' आहे. खाऱ्या पाण्यात ग्राफाइट व ॲल्युमिनियम यांची जोडी लहानशा विद्युत्‌घटाप्रमाणे वागते आणि ॲल्युमिनियम गंजू लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या मच्छीमार नौकांवर खाऱ्या पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या भागासाठी हे संमिश्र कोणी सुचविले, तर आधी हा प्रश्न विचारावा लागेल.

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे

पहिल्या यशस्वी ओतकामास सहा दशके उलटली. तरीही प्रत्येक इंजिनात ग्राफाइटयुक्त दट्ट्या दिसत नाही. याचे कारण शास्त्रात कमी आणि कारखान्यात अधिक शोधावे लागते. दट्ट्या बनविणाऱ्यास एक उत्तम नमुना नको असतो, एकसारखे लाखो नग हवे असतात. ढवळ-ओतकामात भुकटीचे वितरण घाणीगणिक बदलले, तर एका दट्ट्यात कण कमी आणि दुसऱ्यात पुंजका, अशी स्थिती होते. आणि वर पाहिल्याप्रमाणे पुंजका म्हणजे तड्याचे आमंत्रण. दरम्यान प्रतिस्पर्धी उपायही पुढे आले. दट्ट्याच्या बाजूवर ग्राफाइट मिसळलेल्या रेझिनचा पातळ लेप देण्याची पद्धत मोटार उद्योगात रूढ झाली. संपूर्ण वस्तूत ग्राफाइट घालण्याऐवजी घासणाऱ्या पृष्ठभागावरच ते ठेवायचे, म्हणजे सामर्थ्याची किंमत मोजावी लागत नाही. हा युक्तिवाद व्यवहारात वजनदार ठरला, हे मान्य केले पाहिजे. लेप एकदा झिजला की संपतो, एवढीच त्याची उणीव.

बेअरिंगच्या क्षेत्रात मात्र या संमिश्रांचे महत्त्व वाढते आहे, आणि त्यामागे आरोग्याचा प्रश्न आहे. बेअरिंगसाठीच्या तांबे व ॲल्युमिनियम मिश्रधातूंत निसरडेपणासाठी परंपरेने शिसे घालीत. शिसे विषारी असून विशेषतः मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपायकारक आहे. मिश्रधातू ओतणारे कामगार व भंगार वितळविणाऱ्या लहान भट्ट्यांभोवतीची वस्ती यांना त्याची झळ प्रथम बसते. युरोपीय संघाने २००० मध्ये मोटारींतील शिशाच्या वापरावर निर्बंध घातल्यापासून जगभर पर्यायांचा शोध चालू आहे. शिशाचे काम करू शकणारा, बिनविषारी आणि स्वस्त पदार्थ म्हणून ग्राफाइटकडे पाहिले जाते.

ग्राफाइटला स्वतःला आता दुसरे मोठे गिऱ्हाईक लाभले आहे. लिथियम-आयन बॅटरीचा ऋणाग्र मुख्यत्वे ग्राफाइटचाच असतो. भारत सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत ग्राफाइटचा समावेश आहे; त्याच वर्षाच्या अखेरीस चीनने ग्राफाइटच्या निर्यातीवर परवान्याची अट लादली. देशात अरुणाचल प्रदेश, झारखंड, ओडिशा व तामिळनाडू येथे या खनिजाचे साठे आहेत. संमिश्रासाठी लागणारे प्रमाण बॅटरीच्या तुलनेत अल्प असल्याने टंचाईची झळ त्याला तितकीशी बसणार नाही. विजेवरील वाहनात दट्ट्याच नसतो, ही गोष्ट मात्र या संशोधनाची दिशा पंप, बेअरिंग आणि ब्रेक यांकडे वळवीत आहे.

भोसले घाट बांधविणाऱ्यांच्या नागपुरात खाण मंत्रालयाच्या अखत्यारीतील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र १९८९ मध्ये स्थापन झाले. ॲल्युमिनियमचा पुनर्वापर हा त्याच्या कार्याचा एक भाग आहे. अशुद्ध खनिजापासून एक किलोग्रॅम धातू मिळविण्यास वितळणगृहात सुमारे १३ ते १५ युनिट वीज लागते, भंगार वितळविण्यास त्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते. संमिश्राचे भंगार साध्या मिश्रधातूच्या भंगारात मिसळले तर ग्राफाइट व कार्बाइड यांचे अवशेष पुढच्या ओतकामात उतरण्याची भीती असते, म्हणून ते आरंभापासून वेगळे साठवावे लागते. झिजलेले भाग मोडीत निघतात तेव्हा कोणता तुकडा संमिश्राचा आणि कोणता साधा, हे भंगारवाल्याला नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. त्यावर खूण कशी करावी, हा प्रश्न अद्याप कारखानदार व संशोधक या दोघांपुढेही आहे.